खेचराची मधली सीट

कारखान्यात त्यांना सगळे आसनाचार्य म्हणत. योगासनांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. बुटाची नाडी बांधायला वाकायचं म्हटलं तरी ते आधी जवळपास खुर्ची शोधत. पण गाडीत माणूस कुठे बसेल, जमिनीपासून किती उंच बसेल, त्याचे गुडघे कशाला लागतील आणि डोकं छताच्या किती जवळ जाईल, हे ठरवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. निवृत्त होण्याआधी आता एकच गाडी हातावेगळी करायची राहिली होती. तिच्यापायी पोटच्या पोरीशी अबोला धरायची वेळ येईल, असं मात्र त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गाडी तीच, खेचर. बाजारात तिला एक गोंडस नाव होतं आणि जाहिरातीत तिच्या काचांतून दात दाखवणारी कुटुंबं होती. पण जन्मली तेव्हा ती खेचर होती आणि कारखान्यापुरती खेचरच राहिली. त्या काळी कंपनी बुटक्या मोटारी बनवायची, आत बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं. ज्यांना उंच गाडी हवी ते जीप घेत आणि हाडं खिळखिळी करून घरी येत. तेव्हाच्या मुख्य अभियंत्यांनी, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, छोट्या मोटारीचाच सांगाडा घेऊन त्यावर उंच, ऐसपैस अंग चढवायला सांगितलं. पहिली कच्ची गाडी उभी राहिली तेव्हा गॅरेजच्या फोरमनने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हटलं, ही धड घोडा नाही की धड गाढव नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच. खेचर ओझं वाहतं, कुरकुर करत नाही आणि वाट कशीही असली तरी घरच्यांना सांभाळून नेतं. आसनाचार्यांना ती शिवी कधी वाटलीच नाही.

मोठ्या साहेबांनी एक रीत घालून दिली होती. गाडीची कुठलीही नवी पिढी पक्की होण्याआधी, ज्यांनी ती आखली त्यांनी सुट्टीच्या दिवशी कच्ची गाडी घरी न्यायची आणि बायकापोरांना बसवून लांबवर फिरवून आणायची. जिच्यात आपली माणसं बसवायला जीव कचरतो ती गाडी दुसऱ्याला विकायची नाही, असं त्यांचं म्हणणं. याला सगळे घरफेरी म्हणत. तिला अट एकच होती, आणि तीही विमा कंपनीची: गाडी चालवायची ती कंपनीच्या माणसानेच.

पहिल्या पिढीच्या घरफेरीला आसनाचार्यांच्या घरात दोनच पोरं होती. एक थोरला, दुसरा बांबू. त्याची हाडं पाळण्यापासूनच लांब होती. खिडक्या दोन, पोरं दोन, भांडणाला जागा नाही. बायको पुढे बसली आणि उतरताना एवढंच म्हणाली, की गाडी झकास आहे, पण माझी पर्स सारा वेळ पायात लोळत होती. दुसऱ्या पिढीत पुढच्या दोन सीटांच्या मध्ये पर्सपुरता खण आला. विक्री खात्याने त्याचा एवढा गाजावाजा केला की चाकाच्या शोधाचाही झाला नसेल. बायकोचं नाव अर्थातच कुठे आलं नाही. ते श्रेय ती नवऱ्याकडून अधूनमधून वसूल करत असे.

दुसऱ्या पिढीपर्यंत घरात तिसरं आलं होतं, शेंडेफळ, मुलगी. तिला गाडी लागायची. खिडकीशी बसवली की दोन वळणांत चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणाले, समोरचा रस्ता दिसत राहिला तर त्रास कमी होईल. म्हणून तिला दोन भावांच्या मधोमध बसवली, आणि खरंच ओकाऱ्या थांबल्या. बांबूने त्याच दिवशी तिचं नाव पाचर ठेवलं. दोन ओंडक्यांमध्ये ठोकलेली, म्हणून पाचर.

तिथून पुढे खेचराचा इतिहास म्हणजे मधल्या सीटचा इतिहास. निदान आसनाचार्यांच्या लेखी तरी. इंजिनवाल्यांना विचाराल तर तो इंजिनाचा, रंगवाल्यांना विचाराल तर रंगाचा, बोलोत बापडे. दुसऱ्या पिढीत मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा होता. तिसऱ्या पिढीत त्यांनी भांडभांड भांडून खांद्यावरून येणारा पट्टा मिळवला. त्या सीटच्या पायाशी धुराच्या नळीचा उंचवटा यायचा, पाचर त्याच्या दोन बाजूंना दोन पाय टाकून घोडेस्वारासारखी बसायची आणि भाऊ आपापल्या हद्दीतून ते पाय परतवून लावायचे. चौथ्या पिढीत आसनाचार्यांनी ती नळी सरकवायला लावली आणि उंचवटा जवळजवळ बसवून टाकला. त्यावरून इंजिनवाल्यांशी असं वाजलं, की पुढे बरेच दिवस कँटीनमध्ये ते एकमेकांच्या टेबलाकडे पाठ करून जेवत. सीटमधला फोमही दर पिढीला थोडा बरा होत गेला. हे सगळं पाचरसाठी. असं ते कधी कुणाला बोलले नाहीत, पाचरला तर नाहीच. बाप ही जातच अशी. बोलायचं ते सगळं फोममध्ये भरून ठेवते.

गॅरेजच्या फोरमनची मात्र दर घरफेरीनंतर एक ठरलेली तक्रार असे. आसनाचार्यांची गाडी परत आली की आतला आरसा खाली झुकलेला. मागच्या रस्त्याऐवजी मागची सीट दिसायची. एवढा मोठा अभियंता, आणि साधा आरसा लावता येत नाही, असं ते चारचौघांत म्हणत. आसनाचार्य हसून सोडून देत. पोरीचा चेहरा पांढरा पडतोय का, हे बघायला त्यांना दुसरा मार्ग नव्हता. ते आरशात बघून भुवई उडवत, म्हणजे ठीक का? पाचर डोळे मिटून उघडायची. एकदा मिटले म्हणजे ठीक, दोनदा मिटले म्हणजे गाडी थांबवा. इतक्या वर्षांत, इतक्या वळणांत, तिने कधी म्हणून दोनदा मिटले नव्हते. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की कंपनीने दिलेलं मानपत्र त्यांनी कपाटामागे टाकलं होतं आणि ही पापणी जपून ठेवली होती.

पाचर मोठी झाली, शिकली आणि बापाच्याच कंपनीत लागली. पुढच्या गाडीत काय असावं आणि काय नसावं हे ठरवणाऱ्या खात्यात. आणि खेचराची पाचवी पिढी आली. ही बॅटरीवर चालणार होती. इंजिन नाही, धूर नाही, नळी नाही; मागचा तळ या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलासारखा सपाट. आसनाचार्यांना वाटलं, आता खरी मधली सीट होणार. हातचं सगळं काम संपवून माणूस शेवटी अंगणात बसतो, तसं त्यांना वाटत होतं.

बैठकीत पाचर उभी राहिली आणि मधली सीट काढून टाकायचा प्रस्ताव तिनेच मांडला. मागे दोन ऐसपैस सीटा, मध्ये सामानाचा खण. बाप समोर बसला होता. कारखान्यात तिने त्यांना सर म्हणायचं हे दोघांनी आधीच ठरवलं होतं, तरी त्या दिवशी ते सर जरा जास्तच टोचलं.

"ही पाच माणसांच्या घराची गाडी आहे," आसनाचार्य म्हणाले. "पाचव्याने काय टपावर बसायचं?"

लोक हसले. पाचर हसली नाही.

"सर, मी त्या जागेवर लहानाची मोठी झालेय," ती म्हणाली. "ती बसायची जागा नाही."

घरचा आहेर मिळाला तो असा, भर बैठकीत. अध्यक्षांनी खाकरून निर्णय घरफेरीनंतर घ्यायचं ठरवलं आणि विषय बदलला. आसनाचार्य उरलेला वेळ समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

पाचर दुसरीकडे एकटी राहायची आणि रोज संध्याकाळी घरी फोन करायची. त्या आठवड्यात फोन वाजला की आसनाचार्य तो न बोलता बायकोच्या हातात देत आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून जात. कुंड्या कुजायची वेळ आली. शेवटी एका संध्याकाळी बायकोने पाण्याची झारी हातातून काढून घेतली आणि विचारलं, एका सीटवरून पोरीशी बोलणं टाकलंत का?

सीटचं काय घेऊन बसलीस, असं म्हणता म्हणता त्यांचा आवाज फाटला. सीट गेली खड्ड्यात. सीटा येतात आणि जातात. पण पोर म्हणते ती बसायची जागा नाही. मग इतकी वर्षं मी तिला कुठे बसवली होती? आरशात बघून मी म्हणायचो की पोरगी मजेत आहे. ती मजेत नव्हती काय? हा एकच प्रश्न त्यांना आतून पोखरत होता, आणि त्याचं उत्तर ऐकायची त्यांना भीती वाटत होती.

"तुम्ही बसलायत का कधी तिथे?" बायकोने विचारलं.

हजारदा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. कारखान्यातल्या लाकडी सांगाड्यात, प्रत्येक पिढीच्या वेळी, दोन्ही बाजूंना माणसाच्या मापाचे पुतळे बसवून.

"पुतळ्यांचं राहू द्या. आमच्याबरोबर कधी बसलात?"

तेवढं मात्र कधी झालं नव्हतं. होणार कसं? गाडी कंपनीच्या माणसानेच चालवायची. कारखान्यातल्या एकाही अभियंत्याने आपल्या माणसांबरोबर मागे बसून घरफेरी केली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"आता घरात कंपनीची माणसं दोन आहेत," बायको म्हणाली आणि तिने फोन उचलला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नवं रूप कुणाला कळू नये म्हणून काळ्या पट्ट्यांनी झाकलेली पाचवी पिढी दारात उभी राहिली. थोरला आला होता. आता तो दातांचा डॉक्टर होता आणि पेशंटांना गोड खाऊ नका सांगून स्वतः भरपूर रुंद झाला होता. बांबू आला होता, आणखी लांब होऊन. बायको पर्स घेऊन पुढे बसली आणि तिने खण उघडझाप करून तपासला. पाचर चालकाच्या जागी बसली. बापलेकीत नमस्कार-चमत्कारही झाला नाही. आसनाचार्य मागचं दार उघडून आत शिरले आणि मधोमध बसले. थोरला इकडून आला, बांबू तिकडून, आणि दारं लागली.

जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. पहिली गोष्ट त्यांना ही कळली, की माणसाला हात असतात. मापाच्या पुतळ्याला नसतात. त्याला धड असतं, मांड्या असतात, पोटऱ्या असतात, पण खांद्याखाली काही नसतं. मापाला हात लागत नाहीत म्हणून तो तसाच येतो. आयुष्यभर त्यांनी मधल्या माणसाला दोन थोट्या शेजाऱ्यांमध्ये बसवलं होतं. आता थोरल्याचं कोपर डाव्या बरगडीत होतं, बांबूचं उजव्या, आणि स्वतःचे हात कुठे ठेवायचे हे न सुचून त्यांनी ते मांडीवर घेतले, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. पाठीला काहीतरी कडक टोचत होतं. ती घडीची हातटेकण. मध्ये कुणी नसेल तेव्हा बाहेर ओढायला म्हणून तिसऱ्या पिढीत त्यांनीच सीटच्या पाठीत बसवलेली. तिच्याबद्दल त्यांना शाबासकी मिळाली होती.

खांदे कुठेच मावेनात. मागे टेकलं की दोन्हीकडून दाबले जात. शेवटी ते कंबर वाकवून पुढे झुकले, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला. आणि त्या क्षणी त्यांना पाचर आठवली, लहानपणची, सगळ्या फेऱ्यांमध्ये अशीच पुढे झुकून बसलेली. पाहुण्यांना ते कौतुकाने सांगायचे, आमच्या पोरीला रस्त्याची केवढी ओढ आहे बघा. कसली ओढ आणि कसलं काय. पोर जागा शोधत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

वळणांचा रस्ता सुरू झाला. बांबू झोपला आणि झोपेत आणखी पसरला. आसनाचार्यांनी हूं की चूं केलं नाही. एका सरळ पट्ट्यावर पाचरने हात वर केला आणि आरसा खाली झुकवला. त्यात रस्ता नाहीसा झाला आणि तिचे डोळे आले. कडेला बसलेल्या दोघांना ते दिसत नव्हते. फक्त मधल्यालाच दिसत होते. तिने भुवई उडवली.

त्यांनी डोळे एकदा मिटून उघडले. ठीक.

साफ खोटं होतं ते. बरगड्या ठणकत होत्या, पाठीला रग लागली होती, पोटात थोडं ढवळतही होतं. पण पोर गाडी चालवतेय, तिचं मन कशाला मोडा, म्हणून पापणी आपोआप एकदाच लवली होती. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं जी पापणी जपून ठेवली ती कसली होती. त्यांनी पुन्हा आरशात बघितलं आणि डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

पाचरने लगेच गाडी बाजूला घेतली.

रस्त्याच्या कडेला मोकळं मैदान होतं. भाऊ पाय मोकळे करायला गेले. बायको थर्मासमधली कॉफी ओतत बसली आणि मुद्दाम दुसरीकडे बघत राहिली. आसनाचार्य गाडीला टेकून उभे होते. पाचर त्यांच्याजवळ आली.

"तू कधीच दोनदा मिटले नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

"दुखत नव्हतं?"

"दुखायचं की. बांबूचं कोपर इथे असायचं." तिने बरगडीवर बोट ठेवलं.

"मग सांगायचं नाही का, बाळा?"

"दोनदा मिटले असते तर तुम्ही मला खिडकीशी बसवलं असतं," ती म्हणाली. "खिडकीतून तुमचे डोळे दिसायचे नाहीत, बाबा. फक्त मधूनच दिसायचे. लहानपणी मला वाटायचं, तुम्ही ती सीट त्याचसाठी केलीय."

आसनाचार्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत काढला. पोर मजेत होती का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि ते त्यांनी घाबरून कल्पिलेल्या कुठल्याच उत्तरासारखं नव्हतं.

"मग काढतेस कशाला ती?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या गाडीत आरसा खाली झुकलेला नसतो, बाबा. त्या पोरांसाठी ती नुसती वाईट सीट आहे."

हे खरं होतं, आणि अभियंत्याला खरं कळलं की तो फार वेळ रडत बसू शकत नाही. त्यांनी मागचं दार उघडलं, मधल्या सीटच्या कडेवर अंगठा टेकवला आणि करंगळी पुढच्या दिशेने ताणून वीत मोजली. ही एवढी पुढे सरकली तर? रुळावर? पायाखाली आता उंचवटा नाही, जागा आहे. खांद्याला खांदा लागणारच नाही, मधला दोघांच्या थोडा पुढे येईल. पाचर वाकून बघू लागली. पाठीतली ती हातटेकण काढावी लागेल, असं ती म्हणाली. काढ, ती माझीच अक्कल होती, असं ते म्हणाले. सामानाचा खण मग सीटच्या खाली जाईल. आरशापर्यंतचं अंतर तिने डोळ्यांनी मोजलं. बायकोने दिलेली कॉफी दोघांच्याही हातात गार झाली.

"आधी त्या पुतळ्यांना हात लावा," पाचर म्हणाली.

पुढे कारखान्यातल्या सुताराने पुतळ्यांना खरोखरच लाकडी हात करून दिले, कोपरासकट, आणि बैठकीत बापलेकीने मिळून मांडलेली सरकती सीट बरीच डोकेफोड होऊन का होईना, मंजूर झाली. खेचर पाचव्या पिढीतही पाच जणांचं राहिलं. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी परत निघताना थोरल्याला बापाची दया आली. बाबा, तुम्ही खिडकीत बसा, मी मध्ये येतो, असं तो म्हणाला. तो मध्ये आला असता तर कुणाचंच खरं नव्हतं, पण मन मोठं होतं. आसनाचार्यांनी मान हलवली आणि पुन्हा मधोमध जाऊन बसले. थोरला इकडून आला, बांबू तिकडून. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि जरा पुढे झुकले.

पाचरने गाडी सुरू केली. आधी तिने आरसा नीट लावला, मागचा रस्ता दिसेल असा, आणि गाडी रस्त्यावर घेतली. पहिला सरळ पट्टा लागताच तिचा हात वर गेला. आरसा झुकला, डोळे आले, भुवई उडाली.

आसनाचार्यांनी डोळे एकदाच मिटले. या खेपेला ते खरं होतं.